शब्दचर्चा : ‘गृहिणी’, ‘घरधनीण’ आणि ‘कै. सौ.’

प्रश्न (अमळनेर) :

नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांनी माझ्या पत्नीचं प्रथम पुण्यस्मरण आहे. पत्रिका छापायला द्यायची आहे आणि मी दोन शब्दांपाशी अडलो आहे. प्रेसवाल्याने जुन्या पत्रिकेवरून मजकूर तयार करून पाठवला : वर ‘कै. सौ.’, मग तिचं नाव, खाली ‘आदर्श गृहिणी’. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण हा कागद दुरुस्त करायला पेन उचलवेना.

आधी ‘कै. सौ.’. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईलाच हा जोड मिळतो. पुरुष बायकोआधी जावो की नंतर, तो नुसता ‘कै.’. द्वारदर्शनाला आलेल्या बायका, तिच्यावर जीव असलेल्याच, एकमेकींना सांगत होत्या, ‘भाग्याची गं, भरल्या कपाळानं गेली.’ त्यांचा हेतू चांगला होता हे मला कळतं. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. एकदा ओट्यावर तूर निवडता निवडता ती म्हणाली होती, ‘तुम्ही आधी गेलेले बरे. माझं निभेल, तुमचं नाही निभायचं.’ मी रागावलो होतो. ज्या बाईने असं मागितलं, तिच्या नावाआधी ‘सौभाग्य’ कोणत्या तोंडाने छापू?

दुसरा शब्द ‘गृहिणी’. मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरताना खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘बाई काय करायच्या?’ मी म्हणालो, ‘घरीच असायच्या.’ त्याने व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, ‘काही नाही’. चूक माझीही होती, उत्तर मीच तसं दिलं. तेव्हापासून ‘गृहिणी’ म्हटलं की मला तोच रकाना दिसतो. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद (धुळे) :

गुरुजी, वाचून गलबलून आलं. दोन्ही शब्दांचं मूळ सांगते.

‘गृह’ला ‘इन्’ प्रत्यय लागून ‘गृहिन्’, म्हणजे ज्याचं घर आहे तो. त्याचं स्त्रीलिंग गृहिणी : जिचं घर आहे ती. या शब्दात धुणं नाही, भांडी नाहीत, ‘घरी बसणं’ तर नाहीच. त्यात मालकी आहे. ‘न गृहं गृहमित्याहुर्गृहिणी गृहमुच्यते’ हे सुभाषित तुम्ही वर्गात शिकवलं असेल : भिंतींना घर म्हणत नाहीत, गृहिणीला घर म्हणतात. अर्जांच्या रकान्यांनी शब्द खाली ओढला, त्यात शब्दाचा दोष नाही.

‘सौ.’बद्दल मात्र तुमच्या बाजूने आहे. आपल्याकडे ‘अहेव’ शब्द आहे, तो ‘अविधवा’वरून झिजत आला. पितृपक्षातली अविधवा नवमी अशाच बायकांची. शब्दाची घडण बघा : जिचा नवरा मेला नाही ती. बाई गेलेली आहे आणि शब्द मोजतोय नवऱ्याचा श्वास. माझ्या आईच्या पत्रिकेत आम्ही फक्त नाव छापलं. दोन मामा बोलले थोडं, मग गप्प झाले.

प्रतिसाद (शिरपूर) :

‘घरधनीण’ घ्या ना, आबा. आपल्या कानाला ओळखीचा आहे. माझी आजी स्वतःला ‘कारभारीण’ म्हणवून घ्यायची, आणि होतीच ती : बी किती ठेवायचं, कोणाला किती उसनं द्यायचं, कानबाईच्या रोटाचे गहू कोणत्या कोठीतून काढायचे, सगळं तिच्या शब्दावर.

प्रतिसाद (धुळे) :

ताई, ‘धनी’ म्हणजेही ‘धनिन्’, तोच ‘इन्’. घरधनीण आणि गृहिणी या सख्ख्या बहिणीच. एक संस्कृतात राहिली, एक आपल्या वाड्यात आली. पण ‘कारभारीण’, ‘पाटलीण’, ‘मास्तरीण’ या वाटेने जाऊ नका. त्यांतले बहुतेक ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगतात. ‘कारभारीण’ तुमच्या आजीने कमावला होता, तो त्यांच्यापुरता खरा.

प्रतिसाद (जळगाव) :

सर, मी वकिली करतो, अपघात भरपाईचे दावे चालवतो, म्हणून त्या ‘काही नाही’वर लिहितो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका दाव्यात जनगणनेच्या वर्गवारीवर बोट ठेवलं होतं : घर सांभाळणाऱ्या बायका भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून टाकलेल्या. २०२१ च्या जानेवारीत याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की अशा स्त्रीचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यायलाच हवी. त्या निकालात २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे : घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बायका जवळपास १५ कोटी ९८ लाख, पुरुष साधारण ५८ लाख. आणि २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाले, पुरुषाचे ९७. म्हणजे रोजचे पाच तास. अर्जात ‘गृहिणी’ लिहायला हवं होतं. नोंदीतली चूक दुरुस्त करून मागता येते, कागद आणा, मी करून देतो.

प्रतिसाद (शिरपूर) :

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई (१८८०–१९५१) घ्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात रचलेलं मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतलं म्हणून राहिलं. नसतं उतरवलं तर त्यांच्याही रकान्यात कोणी ‘काही नाही’च लिहिलं असतं.

मूळ प्रश्नकर्ता (अमळनेर) :

सगळ्यांचे उपकार. वकीलसाहेब, कागद घेऊन सोमवारी येतो.

ताई, मालकीचा अर्थ मला माहीत होता, वर्गात सांगितलाही असेल. पण तो खरा कळला गिरणीवर. ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा कळण्याचं दळण घेऊन गेलो. (बाहेरगावच्यांसाठी : कळणं म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ, त्याची भाकरी आमच्याकडे भरितासोबत लागतेच.) गिरणीवाल्याने विचारलं, ‘उडीद किती टाकले?’ मला सांगता येईना. घरी मी तिला कधी विचारलं असेल तर ती म्हणायची, ‘हातले समजस.’ हाताला कळतं. चाळीस वर्षं मी ती भाकरी खाल्ली आणि प्रमाण मला ठाऊक नव्हतं.

गिरणीवाल्याने डब्यात हात घातला, मूठभर दाणे वर काढले, तळहातावर पसरून पाहिले आणि म्हणाला, ‘गुरुजी, कमी शेतस. वहिनी चारले एक टाकेत. मीठ आधी, मंग दळण.’ आणि स्वतःच्या पोत्यातून ओंजळभर उडीद घातले. तिचं माप गावात होतं, फक्त माझ्याकडे नव्हतं. बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) चिकाचंही तसंच निघालं, ते गल्लीतल्या तीन सुनांना येतं. जिचं घर आहे ती, आणि घर केवढं होतं हे मी भिंती मोजून धरलं होतं.

तर ठरलं असं. ‘कै. सौ.’ काढलं. ‘आदर्श’ काढलं, तिला ते वाचून लाज वाटली असती. नाव आणि खाली ‘गृहिणी’, धुळ्याच्या ताईंनी सांगितलेल्या अर्थाने. ‘घरधनीण’ मनात फार घोळला, पण तो मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तिच्या नावाने घागर भरताना तोंडाने म्हणेन, छापणार नाही.

एक वाक्य मात्र चर्चेत नोंदवून ठेवतो, कारण व्याकरणाच्या पुस्तकात ते सापडायचं नाही. आमच्या दारात दिवसातून दहादा हाक यायची : ‘शे का घरमा?’ घरात आहे का? कर्ता नाही. कोण, ते कोणी म्हणत नव्हतं आणि कोणी विचारत नव्हतं. माझ्याकडे काम असलं तर ‘गुरुजी शेतस का?’ असा कर्ता घालून विचारत. बिनकर्त्याचं वाक्य तिचं. गेल्या वर्षभरात ते बंद झालं.

परवा एक म्हातारी आली. दरवर्षी थंडीत शेतातली भरताची वांगी आणून देते, खेड्यावर असते, तिला कोणी कळवलेलं नव्हतं. मी आत काहीतरी शोधत होतो. पायरीवरून हाक आली, ‘शे का घरमा?’

‘शे,’ मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा तिने चार वांगी पायरीवर ओळीने मांडली होती आणि माझ्या मागे, आत, बघत उभी होती.