ईएक्सटी४: 'बॅड मॅजिक नंबर' येतोय, एफएससीकेला -वाय लावू का?

प्रश्न
वीज गेल्यापासून लिनक्स मशीन (फाइल सिस्टम ईएक्सटी४) बूट होत नाही, इनिटरॅमएफएसच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या, शेलवर येऊन थांबतं. लाइव्ह यूएसबीवरून ई२एफएससीके (ईएक्सटीसाठीचं एफएससीके, फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवलं तर 'बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक'. पार्टिशन /डेव/एसडीए२, ब्लॉक ४०९६ बाइटचा. बॅकअप जुना आहे. जिथे बघावं तिथे '-वाय लावा' (प्रत्येक दुरुस्तीला आपोआप 'हो') एवढंच लिहिलंय. लावू का?

बिट_बादशहा
मूळ डिस्कवर अजिबात नको. एफएससीके फाइल सिस्टम सुसंगत करतं, फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. न पटणारी एंट्री खोडून टाकली की त्याच्या लेखी दुरुस्ती झाली.

आधी डिव्हाइस बरोबर दिलंय ना ते बघा. एसडीए२ऐवजी नुसतं एसडीए दिलं, किंवा आत लक्स (एन्क्रिप्शन) वा एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूमचा थर) असलं, तरी हाच एरर येतो. एलएसबीएलके -एफ बघा, मग 'हेक्सडम्प -सी -एस १०८० -एन २ /डेव/एसडीए२' (सी कॅपिटल). तिथे '५३ ईएफ' हा मॅजिक नंबर हवा. शून्यं दिसली तर सुपरब्लॉक (फाइल सिस्टमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक) खरंच उडालाय.

मग डिस्कची तब्येत: डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) आय/ओ एरर आहेत का, स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कचा स्वतःचा तब्येतीचा अहवाल) ५, १९७, १९८ या खराब सेक्टरांच्या ओळींचे रॉ आकडे किती. १९७ वाढत असेल तर एफएससीके विसरा. तसंही पहिलं काम कॉपीच: दुसऱ्या डिस्कवर पार्टिशनएवढी जागा मोकळी ठेवून डीडीरेस्क्यूने इमेज काढा. मॅपफाइल (कुठवर कॉपी झालं त्याची नोंद) द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच थांबलं की पहिल्यापासून सुरू.

इनोडवाला
पुढचं सगळं इमेजवर. सुपरब्लॉकच्या बॅकअप प्रती ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६ या ब्लॉकवर असतात; ४०९६च्या ब्लॉकला एक ग्रुप ३२७६८ ब्लॉकचा, म्हणजे १२८ एमबीचा, म्हणून. हे आकडे काढायला एमकेई२एफएस -एन सुचवतात, पण तो -एन राहिला तर नवी फाइल सिस्टमच बनते. ब्लॉकचा आकार माहीत असताना ती जोखीम कशाला?

'ई२एफएससीके -एन -बी ३२७६८ -बी ४०९६ इमेज'. पहिला बी लहान लिपीतला, दुसरा कॅपिटल. -एन (फक्त तपास, बदल नाही) असताना जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) रिप्ले होत नाही, त्यामुळे एररची यादी असते त्याहून भयानक दिसते. 'फ्री ब्लॉक्स काउंट राँग'च्या ओळींना घाबरू नका, बॅकअप प्रतीतले आकडे जुनेच असतात.

दुरुस्तीआधी इमेज रीड-ओन्ली माउंट करून मिळेल ते उचला: 'माउंट -ओ लूप,आरओ,नोलोड,एसबी=१३१०७२'. इथे सगळे फसतात. माउंटला एसबी १ केबीच्या एककात लागतं, म्हणून ३२७६८ गुणिले ४.

प्रश्नकर्ता
१०८०वर शून्यंच होती. १९७ शून्य, इमेज पूर्ण निघाली. माउंट झालं, होममधलं बरंचसं उचललं. मग इमेजवर -वाय चालवलं, एक्झिट कोड १. लॉस्ट+फाउंडमध्ये (एफएससीके सापडलेल्या बेवारस फायली ठेवतं ती डिरेक्टरी) #२६२१५३ अशा नावांच्या फायली आल्यात, त्यांचं काय?

इनोडवाला
१ म्हणजे एरर सापडले आणि दुरुस्त झाले. ४ आला असता तर काही तसेच राहिले. नावातला आकडा म्हणजे इनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) क्रमांक. नाव डिरेक्टरीत असतं, इनोडमध्ये नाही, त्यामुळे डिरेक्टरीची एंट्री गेली की नावही गेलं. त्यातल्या डिरेक्टऱ्या आधी उघडा, त्यांच्या आतली नावं बहुतेक शाबूत असतात. सुट्या फायलींवर 'फाइल' कमांड मारा, जेपेग, पीडीएफ, एसक्यूलाइट लगेच ओळखू येतात.

बिट_बादशहा
मूळ पार्टिशनवर चालवायचंच असेल तर -झेड देऊन अनडू फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. बिघडलं तर ई२अनडूने मागे जाता येतं. आणि हे सगळं ईएक्सटी कुटुंबापुरतंच. एक्सएफएस या वेगळ्या फाइल सिस्टमवर एक्सएफएस_रिपेअरला उठसूट कॅपिटल एल देऊ नका, तो लॉगच पुसतो.