रि: शनिवारचा सिनेमा – बाहुल्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

प्रेषक: प्रसाद (कार्यकारिणी)

नमस्कार मंडळी,

शनिवारी 'इनोसन्स' हा जपानी ॲनिमेशनपट बघायला आलेल्या सगळ्यांचे आभार. हॉलच्या किचनमध्ये पिवळ्या झाकणाचा एक स्टीलचा डबा राहिलाय, ज्यांचा असेल त्यांनी टोकियोत निशी-कासाईला माझ्याकडून घेऊन जावा, आत दोन साबुदाणा वडे होते ते मी खाल्ले.

दुसरं म्हणजे मला खासगीत बऱ्याच मेल आल्यात, काही "असले अवघड सिनेमे कशाला लावता, 'अशी ही बनवाबनवी' लावा" अशा आणि काही अगदी भांडायच्या मूडमधल्या. कृपा करून लिस्टवरच बोला, मी काय पोस्टमन नाहीये.

– प्रसाद

प्रेषक: मीनल

प्रसाद, भांडायच्या मूडमधली मीच, तर इथेच भांडते.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी, साल 2032, लोकांच्या घरात करमणुकीसाठी ठेवलेल्या बायकी रोबॉट बाहुल्या (करमणूक म्हणजे कसली ते समजून घ्या, लिस्टवर मुलंपण आहेत) अचानक मालकांना मारायला लागतात आणि मग स्वतःलाच संपवतात. बाटो आणि तोगुसा हे दोघं तपास करतात, बाटोचं मेंदू सोडून जवळजवळ सगळंच मशीन आणि तोगुसा बराचसा आपल्यासारखा माणूस, घरी बायको-मुलगी असलेला. सुरुवातीलाच त्या अंधाऱ्या गल्लीत बाहुली बाटोला हळूच "तासुकेते" म्हणते, वाचवा म्हणून, तिथेच माझ्या अंगावर काटा आला. आणि शेवटी बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीच्या जहाजावर कळतं की लहान मुली पळवून आणून त्यांचा 'घोस्ट', म्हणजे जीव म्हणा, मन म्हणा, तो बाहुल्यांमध्ये कॉपी करतायत, आणि कॉपी करता करता मूळ पोरगी खलास होत जाते. कंपनीतल्याच एका भल्या माणसाने बाहुल्यांच्या नियमांत फेरफार केला, की त्यांनी माणसं मारली म्हणजे तरी पोलीस येतील आणि मुली सुटतील.

आता माझा मुद्दा. त्यातली एक पोरगी जिवंत सापडते, बिचारी रडत सांगते की मला बाहुली व्हायचं नव्हतं, आणि हा सहा फुटी बाप्या तिच्यावर खेकसतो, की तू मेलेल्यांचा विचार केलास का, आणि आत जीव घातलेल्या त्या बाहुल्यांचा केलास का! अरे?? पळवून नेलेलं पोर आहे ते! तिने काय कमिटी नेमून ठराव पास करायचा होता का? आणि हॉलमध्ये चार-पाच लोक चक्क माना डोलवत होते, मी मागे वळून बघितलंय, नावं घेत नाही.

– मीनल

प्रेषक: श्रीरंग

मीनल, माना डोलवणाऱ्यांत मी होतो, नाव घेतलंस तरी चालेल.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण बऱ्याच जणांनी पहिला भाग, 1995 चा 'घोस्ट इन द शेल', बघितलेला नाही आणि त्यामुळे बाटो नुसताच चिडका वाटतो. पहिल्या भागात त्याची जोडीदार मेजर कुसानागी होती, तिचंही सगळं शरीर मशीनचं, ती शेवटी नेटवर्कमधल्याच एका प्रोग्रॅमशी एकरूप होऊन निघून जाते, मेली म्हणावं तर मेली नाही आणि आहे म्हणावं तर कुठेच नाही. हा दुसरा भाग 2004 चा, दिग्दर्शक तोच, ओशी मामोरू, त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता आणि ॲनिमेशनला तिथे सहसा कुणी उभं करत नाही. तर या भागात बाटो एकटा आहे, घरी एक बासेट हाउंड, त्याला मन लावून खायला घालतो, कुत्र्याचे ते लांब कान आणि लोंबते गाल इतक्या प्रेमाने काढलेत की माणसांचे चेहरे त्यापुढे मुद्दाम थिजवल्यासारखे वाटतात (मुद्दामच असणार, ओशींचा स्वतःचा कुत्रा बासेट होता आणि त्याचंही नाव गॅब्रिएलच). म्हणजे बाटोला माणसांपेक्षा कुत्रा आणि बाहुल्या जवळच्या, कारण तो स्वतः त्या बाजूला जास्त सरकलेला आहे. तो त्या मुलीला रागावतो ते बरोबर आहे असं सिनेमा म्हणत नाहीये, त्याच्या जागी उभा राहिलेला माणूस असंच बोलेल एवढंच दाखवतोय. आणि लगेच मेजर (ती शेवटी थोडा वेळ परत येते) त्याला उत्तर देतेच की, बाहुल्यांना बोलता आलं असतं तर त्या ओरडल्या असत्या की आम्हाला माणूस व्हायचं नव्हतं.

बाकी "सगळे सारखे कोटेशन का मारतात" ही तक्रार मला तरी तीन जणांनी बोलून दाखवली. अहो, त्यांचे मेंदू थेट लायब्ररीला जोडलेत! हेलिकॉप्टरमध्ये तोगुसा बायबलमधलं स्तोत्र फेकतो तेव्हा बाटो त्याला टोमणा मारतो ना, की पटकन असलं सापडतंय म्हणजे तुझ्या बाहेरच्या मेमरीचं वळण जरा वाकडंच दिसतंय. 2004 साली हा विनोद फार कुणाला कळला नसेल, आज आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सात वाजता जे सुविचार पडतात ते बघितले की कळतो.

आणि जाता जाता, अमेरिकेत निघालेल्या पहिल्या डीव्हीडीत सबटायटल्समध्ये पावलांचे आवाज, हेलिकॉप्टरचा आवाज वगैरे सगळं लिहून यायचं, माझ्याकडे ती आहे, वाचता वाचता डोकं उठतं, म्हणून शनिवारी आपण जपानी प्रत लावली.

– श्रीरंग

प्रेषक: सुषमा (नागपूरच्या)

श्रीरंग, मीनल, सगळ्यांना आशीर्वाद. मी मुलाकडे आलेली आहे, मेल नातू टाइप करून देऊन राहिला, चुका त्याच्या.

मला तो सिनेमा अर्धा समजला आणि अर्ध्यात डोळा लागला, पण मध्येच एक वाक्य आलं आणि मी ताडकन उठून बसली. जंगलातल्या हत्तीसारखं एकट्याने चालावं, पाप करू नये, हाव थोडी ठेवावी. अरे हे तर आमचं धम्मपद! नागवग्गातली गाथा आहे, "एको चरे न च पापानि कयिरा, अप्पोस्सुक्को मातङ्गरञ्ञेव नागो". माझ्या वडिलांनी 1956 ला दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या घरी दर पौर्णिमेला धम्मपद वाचलं जायचं, ही गाथा मला झोपेतही येते. आणि ती एका जपानी पोलिसांच्या कार्टूनमध्ये ऐकून काय वाटलं ते मला या नातवाला टाइप करायला सांगता येत नाही.

याची गोष्टपण आहे. कौशांबीला भिक्खूंमध्ये क्षुल्लक कारणावरून भांडण लागलं, भगवंतांनी समजावलं तरी ऐकेनात, तेव्हा ते उठून पारिलेय्यक वनात जाऊन राहिले. तिथे कळपाच्या गर्दीला कंटाळून वेगळा झालेला एक हत्ती त्यांना पाणी आणून द्यायचा. (कार्यकारिणीने ही गोष्ट वार्षिक सभेच्या आधी वाचावी.) तर तो बाटो मला तसा हत्ती वाटला, कळप सोडलेला. पण गाथेत पुढेमागे काय आहे तेही बघा ना, मूर्खाची सोबत मिळण्यापेक्षा एकटं बरं असं आहे, लहान लेकरावर ओरडा असं नाही. मीनल बरोबर आहे.

बाहुल्यांचं म्हणाल तर, मिरवणुकीच्या त्या भागात बाहुल्या जाळतात ते बघून बाजूच्या खुर्चीवरची मुलगी घाबरली. मला नाही भीती वाटली. मागे सुनेने मला उएनोच्या कियोमिझु कन्नोन मंदिरात नेलं होतं, तिथे दर 25 सप्टेंबरला लोक जुन्या बाहुल्या घेऊन येतात, भिक्खू पाठ म्हणतात आणि मग त्यांना निरोप देतात. एक आजीबाई बाहुलीचे केस विंचरत रांगेत उभी होती. माझ्याच वयाची असेल.

– सुषमाकाकू

प्रेषक: आदित्य

काकू, कडक मेल! नातवाला सांगा चुका एकही नाहीत.

आता माझं जरा लांबेल. मी याच धंद्यात आहे, दिवसभर भाषेची मॉडेल्स चालवतो, आणि त्यामुळे मला तो सिनेमा वीस वर्षं जुना वाटलाच नाही. आपल्याकडे एआय म्हटलं की लगेच प्रश्न, मशीनला जाणीव येईल का, ते आपल्याला मारेल का. इथे खुनी बाहुल्या सापडतात आणि दीड तास आपल्याला वाटत राहतं की मशीन जागं झालं, बंड केलं, आणि शेवटी काय निघतं? मशीन बिशीन काही जागं झालेलं नाही, आत माणसाची पोर आहे आणि ती ओरडतेय. मशीन जिवंत वाटावं म्हणून त्यात कुणाचा तरी जीव ओतलाय आणि तो फुकट ओतलाय! गिऱ्हाईकाला ते माहीत नाही आणि बहुतेक माहीत करून घ्यायचंही नाही.

ऑफिसात मी हे बोललो तर म्हणाले तू फार ताणतोस. मी म्हटलं 2023 च्या जानेवारीत बातमी आली होती ना, केनियात तासाला 2 डॉलरपेक्षा कमी पैशांत लोक बसून घाणेरडा, हिंसक मजकूर वाचत होते, त्यावर खुणा करत होते, कशासाठी तर बॉटने आपल्याशी सभ्य बोलावं म्हणून. आणि इथे जपानमध्ये 2024 मध्ये आवाजाचं काम करणाऱ्या कलाकारांनी मोहीम काढली की आम्हाला न विचारता आमचा आवाज मॉडेलमध्ये घालू नका. जहाजावर मुली कोंडल्यात असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी तसं वाचू नका, पण मशीनच्या आवाजात कोण बोलतंय हे विचारायची सवय या सिनेमाने मला लावली.

म्हणून मीनल, तुझ्या भांडणात मी तुझ्या बाजूने, पण कारण वेगळं. बाटोचा राग चुकीच्या माणसावर निघतो. पोरीला झापतो आणि कंपनी चालवणाऱ्यांना एक शब्द ऐकवत नाही, कारण ते समोर नसतातच, जहाजही भर समुद्रात, कुठल्याच देशाच्या हद्दीत नाही. जो समोर असतो त्यालाच ओरडा बसतो.

– आदित्य

प्रेषक: मीनल

आदित्य, हे पटलं. श्रीरंग, तुझं अजून नाही पटलेलं.

बाहुल्यांना माणूस व्हायचं नव्हतं हे सांगतंय कोण? मेजर. ती स्वतः त्या क्षणी एका बाहुलीच्याच अंगात उतरून बोलतेय, सॅटेलाइटवरून स्वतःचा थोडासा भाग पाठवलाय म्हणे, त्याहून जास्त त्या बाहुलीत मावत नाही. म्हणजे पोरीचा आवाज कापून बाहुलीत घातला तर ते पाप आणि मेजरबाईंनी बाहुलीचं अंग न विचारता वापरलं तर ते काय, तत्त्वज्ञान? तिला नाही विचारत बाटो की तू या बाहुलीचा विचार केलास का. तिच्यासाठी तर जॅकेट काढून देतो.

मला खरं त्या हॅरवेचा सीन जास्त लागला, ती प्रयोगशाळेतली सिगरेट ओढणारी बाई. ती म्हणते मुली बाहुल्यांशी खेळतात ती आईपणाची रंगीत तालीम नसते, उलट पोर वाढवणं हाच कदाचित माणूस बनवायच्या जुन्या हौसेचा सोपा मार्ग असेल. तोगुसा चिडतो, मुलं म्हणजे बाहुल्या नव्हेत! मी पण चिडले, आणि घरी येऊन लेकीला नेहमीसारखं सरळ बस, नीट बोल, मराठीत बोल, काकूंना नमस्कार कर असं चालू केलं आणि मध्येच गप्प बसले.

– मीनल

प्रेषक: श्रीरंग

जॅकेटचा मुद्दा भारी आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला तो बाटोचा सगळ्यात माणसासारखा क्षण वाटतो म्हणून मी गप्प.

हॅरवेबद्दल एकच, ते नाव ओशींनी डॉना हॅरवे या अमेरिकन विदुषीवरून घेतलंय, सायबॉर्गवरचा (अर्धा माणूस, अर्धं यंत्र) तिचा निबंध 1985 चा. त्या सीनमध्येच बाटो फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची गोष्ट सांगतो, त्याची मुलगी फ्रान्सीन पाच वर्षांची असताना गेली आणि त्याने तिच्या नावाची बाहुली जवळ बाळगली. मुलगी 1640 मध्ये गेली हे खरं, बाहुलीची गोष्ट बहुधा मागाहून कुणीतरी रचलेली, पण प्राणी म्हणजे नुसतं यंत्र असं लिहून गेलेल्या माणसाबद्दलच लोकांनी ती रचावी यात लोकांचा खवचटपणा दिसतो आणि मला तो आवडतो.

काकू, तुमचं उएनो वाचून मला आपला गणपती आठवला. दरवर्षी आपण मातीत प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवस नाहीतर पाच दिवस लाड करतो, उत्तरपूजा करतो आणि पाण्यात सोडतो. आत काही होतं का असं विसर्जनाला कुणी विचारत नाही, पण अक्षता टाकल्याशिवाय मूर्ती जागची हलवत नाही. इथे चिबाला एका देवळात सोनीच्या जुन्या आयबो या रोबॉट कुत्र्यांचे अंत्यविधी झाले 2015 पासून, कंपनीने दुरुस्ती बंद केल्यावर, तेव्हा माझे ऑफिसातले अमेरिकन मित्र हसले होते. मला हसू आलं नव्हतं. आमच्या आजीने तिची लाकडी ठकी रंग उडाला तरी शेवटपर्यंत ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवली होती आणि आजी काही तिला जिवंत समजत नव्हती.

– श्रीरंग

प्रेषक: प्रसाद (कार्यकारिणी)

लोकहो, मेलबॉक्स भरलाय, दोन जणांनी लिस्टमधून नाव काढायला सांगितलंय आणि तिघांनी नव्याने घालायला, म्हणजे फायद्यातच आहोत.

25 सप्टेंबरला उएनोला सुषमाकाकूंबरोबर जायचं असेल त्यांनी मला कळवा. कामाचा वार असेल तर रजेचं आपापलं बघा. बाहुली न्यायची असेल तर तिथे आधी नाव नोंदवणं, पैसे वगैरे काय आहे ते मंदिरात फोन करून विचारतो, जपानी चांगलं असलेल्या कुणीतरी फोनवर सोबत बसा.

पुढचा सिनेमा मीनल निवडणार असं तिने परस्पर जाहीर केलंय. डबा अजून माझ्याकडेच आहे.

– प्रसाद

प्रेषक: मीनल

'अशी ही बनवाबनवी'. आणि श्रीरंग, त्यातही बायकांच्या वेषातले पुरुष आहेत, तेव्हा कोटेशनं तयार ठेव.

डबा माझा आहे. वडे मोजून तीन होते.