ऑस्कर माशांच्या टाकीत जिवंत झाडं: नागपूरच्या उन्हाळ्यात कोणती टिकतील?

काचघर_नागपूर
टाकी ४ × १.५ × २ फुटांची, प्रत्यक्ष पाणी साधारण ३०० लिटर. आठ-आठ इंचांचे दोन ऑस्कर आणि सहा इंचांचा एक जॅक डेम्प्सी मासा. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा) फिल्टर, ३६ वॅटचा एलईडी आठ तास चालू, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडत नाही, खाली दोन इंच बारीक वाळू. अमेझॉन स्वोर्डची चार रोपं आणि हायग्रोफिलाच्या दहा-बारा काड्या लावल्या. तिसऱ्या दिवशी सगळं वर तरंगून राहिलं होतं. पानं मात्र शाबूत आहेत. नळाचं पाणी पुरलं नाही की बोरचं मिसळावं लागतं. मे महिन्यात टाकीतलं पाणी ३३ अंशांवर जातं. प्लास्टिकची झाडं नको आहेत. पावसाळा संपत आलाय, आता लावायचं तर काय आणि कसं?

मुळं_वर
पानं शाबूत आहेत, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट. झाड खाणारा मासा वेगळा आणि उपटणारा वेगळा. ऑस्कर आणि जॅक डेम्प्सी उकरणारे आहेत. वाळूत खायला काही सापडतं का ते बघतात, आणि अंडी घालायची वेळ आली की जागा साफ करून खड्डे पाडतात. वाळूत रोवलेलं काहीही त्यांना मधे येतं. म्हणून ज्यांना वाळूच लागत नाही अशी झाडं घ्या: अनुबियास आणि जावा फर्न. अनुबियासमध्ये इवल्या पानांची ‘नाना’ ही जात घेऊ नका. मोठ्या पानांची बार्टेरी घ्या, मासा अंगाने घासून गेला तरी पान तुटत नाही.

दुकानात घेताना राइझोम, म्हणजे ते जाड आडवं खोड, अंगठ्याने दाबून बघा. टणक हवं. मऊ पडलं असेल किंवा वास येत असेल तर सोडून द्या, ती सड थांबत नाही. घरी आणल्यावर मुळं इंचभर ठेवून छाटा. एका तुकड्यावर निदान चार पानं असू द्या.

आता ही झाडं ज्यावर चिकटवायची तो दगड. आठ इंचांचा ऑस्कर किलोभराचा दगड सहज ढकलतो, तेव्हा तीन किलोच्या खाली जाऊ नका. आपल्याकडचा काळा बेसाल्ट उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. पांढरा दगड असेल तर त्यावर व्हिनेगर टाका. फेस आला की तो चुन्याचा, पाणी आणखी जड करणार. दगड वाळूवर ठेवू नका! मासा खालून उकरतो, दगड कलंडतो आणि थेट काचेवर जातो. वाळू बाजूला सारा, तळाच्या काचेवर पातळ फोमचा तुकडा ठेवा, त्यावर दगड बसवा, मग भोवती वाळू लोटा.

चिकटवायला फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद चालतो. जेल मिळालं तर फारच बरं, ओघळत नाही. दगड आणि राइझोमची खालची बाजू फडक्याने कोरडी करा, दोन-तीन थेंब, अर्धा मिनिट दाबून धरा, मग पाण्यात. पांढरा डाग दिसेल, त्याने काही होत नाही. वरून तंगूसचे दोन घट्ट वेढे द्या आणि टोकं अगदी गाठीपाशी कापा, सैल फासा राहिला तर माशाच्या डोळ्याला इजा होते. नुसता सुती दोरा या टाकीत पुरणार नाही. मुळं दगड धरायला दोन-तीन महिने घेतात आणि ऑस्कर तेवढे दिवस थांबत नाही. राइझोम वाळूत किंवा दगडाच्या फटीत गाडू मात्र नका, सडतो.

दिवा सहा तासांवर आणा. अनुबियासला महिन्याकाठी एखादं नवं पान येतं. तितक्या हळू वाढणाऱ्या पानावर आठ तासांच्या उजेडात काळं शेवाळ बसतं आणि मग ते निघत नाही.

बोरचं_पाणी
वरचं सगळं बरोबर, पण वाळूतली झाडं पूर्णच सोडायची गरज नाही. व्हॅलिस्नेरिया लावा, कुंडीत. हायग्रोफिलाची वाढ शेंड्याकडून होते, शेंडा तुटला की बाजूचे कोंब फुटेपर्यंत काडी अडते. व्हॅलिस्नेरियाचं पान बुडातून वाढतं, वरून कुरतडलं तरी झाड जिवंत. आणि त्याला जड पाणी मानवतं: पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ते कार्बन घेतं. बोरच्या पाण्यात पानांवर पांढरी खरखरीत साय दिसेल. ती चुन्याची असते, रोग समजून औषध टाकू नका. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून जे ग्लुटारल्डिहाइड विकतात तेही नको, व्हॅलिस्नेरिया त्याने विरघळतं.

सहा इंचांची मातीची कुंडी, वाळू, मुळांशी खताची एक गोळी. पानं जिथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर राहू द्या. वरचा थर मोठ्या लिंबाहून मोठ्या गोट्यांचा हवा. बारीक गिट्टी नको, मासा तोंडात घेतो आणि कधी गिळतोही. या कुंड्या सरळ टाकीत ठेवू नका. गच्चीवर हिरव्या शेडनेटखाली टबात सहा-आठ आठवडे मुरू द्या, मुळं कुंडीभर पसरली की मगच आत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे काम छान होतं. मार्चनंतर गच्चीवरचा टब तापतो.

आता मे महिना. ३३ अंशांना अनुबियास टिकतं, जावा फर्नची पानं काळी पडू लागतात. पण खरी अडचण माशाची. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३. त्यात रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, म्हणून उन्हाळ्यात एअर पंप रात्रभर चालू ठेवा. बर्फाच्या बाटल्यांवर विसंबू नका: एक लिटर बर्फ ३०० लिटर पाणी जेमतेम ०.४ अंशाने उतरवतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावलात तर दोन-तीन अंश उतरतात. त्याच खोलीत कूलर असेल तर हवा आधीच दमट असते, पंख्याचा गुण कमी येतो. मग खिडकी उघडी ठेवा आणि कूलरचा झोतच पाण्यावरून जाऊ द्या.

पंख्याने पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. उडालेल्या पाण्याची भर बोरच्या पाण्याने घातलीत तर दर आठवड्याला टाकी जड होत जाते. भर आरओच्या शुद्ध पाण्याने घाला. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर मुळीच नको, क्षार सगळे त्यातच असतात.

काचघर_नागपूर
खूप उपयोग झाला. दोन शंका. तीन सिल्व्हर डॉलर आणायचा विचार आहे, चालतील का? आणि जावा फर्नच्या पानांना भोकं पडली तर मासा चावतोय की आणखी काही?

मुळं_वर
सिल्व्हर डॉलर नका आणू. तो झाड खाणारा मासा आहे, मऊ पानं आठवड्यात संपवतो आणि उपाशी असला तर कडक पानांनाही सोडत नाही. सेव्हरम माशाचंही तेच.

भोकं कशी आहेत ते जवळून बघा. चावलेली कड फाटल्यासारखी असते आणि पान एका दिवसात तसं होतं. पोटॅशियम कमी पडलं तर जुन्या पानांवर आधी टाचणीएवढा ठिपका येतो, भोवती पिवळी कडा, मग भोक वाढत जातं. नायट्रेट तुमच्या टाकीत माशांच्या विष्ठेतूनच भरपूर मिळतं, तेव्हा एनपीके (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅशियमचं खत) टाकू नका, फक्त पोटॅशियम द्या. पानाखाली ओळीत तपकिरी ठिपके दिसले तर ते बीजाणू असतात, खुडू नका.

गच्ची_बाग
मनीप्लांट सुचवते. नायट्रेट ओढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. काडी आधी पाण्याच्या बाटलीत ठेवून चार-पाच इंच मुळं आली की टाकीच्या काठाला प्लास्टिकची जाळीदार परडी अडकवून तिच्यात ठेवा. मुळं परडीत, पानं बाहेर हवेत. परडी नसेल तर ऑस्कर मुळं ओढून अख्खा वेल आत घेतो. पान बुडालं की कुजतं, ते रोज बघा. फ्लॉवरहॉर्न मासा असेल त्या टाकीत मी तरी एवढंच लावायला सांगेन, कारण त्याच्या टाकीत लोक खडे मीठ घालतात आणि बहुतेक पाणवनस्पतींना ते सोसत नाही. मनीप्लांट आहे म्हणून पाणी बदलणं टाळू नका. दोन ऑस्करना दर आठवड्याला ३०-४० टक्के पाणी बदल लागतोच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने आधी मारा.

झाडं फुकट मिळतात म्हणून अंबाझरी-फुटाळा तलावांतून जलपर्णी किंवा शेवाळ आणू नका, सोबत जळवा आणि गोगलगायींची अंडी येतात. दुकानातलं रोपही फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, साध्या पाण्याने नीट धुऊनच आत सोडा. आणि छाटलेलं काहीही तलावात जाऊ देऊ नका, उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत मिसळा.