गुलशन कुमार: गाणं घराघरात नेलं की दुसऱ्यांच्या चालींवर दुकान थाटलं?

टपरीवाला:
परवा माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला आणि विषय डोक्यात आला. दर्यागंजात बापाच्या ज्यूसच्या दुकानात बसणारा पोरगा १९८३ ला सुपर कॅसेट्स (म्हणजे आपली टी-सीरीज) काढतो आणि बघता बघता एचएमव्हीसारख्या जुन्या रेकॉर्ड कंपनीला घाम फोडतो. आमच्या एसटी स्टँडवर तंबाखूच्या पुड्यांशेजारी कॅसेटी लटकायच्या राव, त्याआधी कॅसेट घ्यायची तर तालुक्याला जावं लागायचं. दुसऱ्यांच्या चाली वापरल्या म्हणून अशा माणसाला चोर म्हणणं मला नाही पटत.

सारंग_जुना:
घाम फोडला, पण कशाच्या जिवावर ते पण सांग ना. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, गळा तेवढा नवीन. आमच्या बाबांनी हौसेने रफीची कॅसेट आणलेली (कंपनी आठवत नाही, तेव्हा असल्या रग्गड होत्या), लावली तर भलताच आवाज, बाबा दोन मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, "याला सर्दी झालीये का रे?" खोका उलटा केला तर प्रत्यक्ष गाणाऱ्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात.

टपरीवाला:
😂 पण कॉपीराइट कायद्यातच मुभा होती ना, नोटीस द्या, रॉयल्टी भरा, झालं. सोनू निगम त्या कव्हरमधूनच, म्हणजे जुनी गाणी नव्या गळ्यात गाऊनच वर आला.

सारंग_जुना:
मुभेचा असा वापर झाला म्हणूनच २०१२ ला कायदा बदलला. आता मूळ गाणं आल्यावर पाच वर्षं थांबायचं आणि खोक्यावर 'कव्हर' असं छापायचं, जुन्या गायकाचं नाव-फोटो लावायचं नाही. बाबांचे पैसे वाचले असते.

गिरगावकर:
अरे कव्हरमध्येच काय अडकलात, त्याचाच आशिकी (१९९०) बघा की. हिरो-हिरोईन नवे, पोस्टरवर तर तोंडंही जॅकेटखाली, नुसत्या गाण्यांवर पिक्चर चालला. माझा राग वेगळाय. अनुराधा पौडवाल, आपली मराठी बाई, लागोपाठ तीन फिल्मफेअर, आणि ऐन भरात त्याच्या एकाच कंपनीला बांधून टाकली. भजनं आमच्याकडेही रोज सकाळी लागायची, पण बाकीच्या संगीतकारांचं काय?

मीनाक्का:
बांधून टाकली म्हणे! बाईने धंद्याचं काही ठरवलं की कुणीतरी बांधलेलंच असतं का?

गिरगावकर:
बरं, ठरवलं म्हणू. नुकसान ऐकणाऱ्यांचं झालंच.

टपरीवाला:
१२ ऑगस्ट १९९७ ला गुलशन कुमारला अंधेरीत देवळाबाहेर गोळ्या घातल्या तेव्हा वय फक्त ४६. आमच्या टपरीवर दिवसभर त्याचीच भजनं चालू होती. सारंग, ती सर्दीवाली कॅसेट आहे का अजून? माझ्या टेपचा बेल्ट बदललाय, लावून बघू.