मदत हवी आहे: पीएचवरून काढलेलं ॲसिटिक ७६ ग्रॅम, प्रत्यक्षात लागतं पाऊण किलोच्या वर

हौदभर_रंग (सोलापूर):
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवायच्या कारखान्यात आहे. बीएस्सी केमिस्ट्री केलंय, म्हणून शेठनी ॲसिडचा हिशोब माझ्या गळ्यात मारला. आजवर आमचे रंगारी मामा मगाने ॲसिटिक ओततात, पीएच पेपर बुडवतात, परत ओततात. शेठना आता आकडा पाहिजे.

रंग रिॲक्टिव्ह, म्हणजे अल्कलीत सुताला पक्का बसणारा. सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) देऊन रंग बसला की बाथ, म्हणजे मशीनमधलं पाणी, सोडतो, एकदा गार पाण्याने धुतो, मग १००० लिटर ताजं पाणी घेऊन न्यूट्रल करतो. सुतात मुरलेला सोडा या पाण्यात उतरतो आणि मीटर ११.१ दाखवतो. सोपिंगच्या (साबणाच्या धुण्याच्या) आधी ६.५च्या आसपास आणायचंय.

माझा हिशोब: पीएच ११.१ म्हणजे पीओएच २.९, म्हणजे हायड्रॉक्साइड लिटरला ०.००१२६ मोल, १००० लिटरला १.२६ मोल. ॲसिटिकचा एक मोल ६० ग्रॅमचा. झाले ७६ ग्रॅम ग्लेशियल, म्हणजे बिनपाण्याचं ॲसिटिक. काट्यावर मोजून घातले, तर मीटर १०.९! मामा काही बोलले नाहीत, नुसता मग पुढे केला. पाऊण किलोच्या वर गेलं तेव्हा कुठे ६.५ दिसलं, आणि तेही थोड्या वेळाने आपोआप वर सरकायला लागलं. मीटर ७ आणि १० पीएचच्या बफर द्रावणांवर लावून घेतलाय. मग एवढा फरक येतो कुठून?

शेंगाचटणी:
७६ ग्रॅम? एवढं तर मामाच्या मगाला खाली चिकटून राहतं की बे. रसायनातलं आपल्याला कळत नाय, पण निकाल लागला की सांग.

निवृत्त_मास्तर:
हौदभर, तुमचा मीटरही बरोबर आणि गुणाकारही बरोबर. पण पीएच सांगतो तो त्या घडीला मोकळा असलेला हायड्रॉक्साइड. कार्बोनेटच्या पोटात दडलेला अल्कली तो सांगत नाही. सोडा ॲश म्हणजे दुर्बल आम्लाचा क्षार. पाण्यात त्याचा थोडाच भाग फुटून हायड्रॉक्साइड देतो. तुम्ही तो ॲसिडने खाल्ला की उरलेलं कार्बोनेट लगेच नवा पुरवतं.

उलट बाजूने करून बघा. लिटरला १ ग्रॅम सोडा ॲश धरा, म्हणजे ०.००९४ मोल. कार्बोनेटचा केबी, म्हणजे अल्कली म्हणून त्याच्या ताकदीचा स्थिरांक, सुमारे २.१ गुणिले १० चा उणे ४ घात. सांद्रता एवढी कमी असताना वर्गमुळाचं सोपं सूत्र जरा चुकतं, म्हणून वर्गसमीकरण सोडवा: हायड्रॉक्साइड ०.००१३, पीएच ११.१. तुमचाच आकडा आला. म्हणजे बाथमध्ये १.२६ नव्हे, ९.४ मोल कार्बोनेट आहे, आणि प्रत्येक मोल दोन मोल ॲसिड घेतो. पहिला मोल घेऊन बायकार्बोनेट होतं, तिथवर ५६६ ग्रॅम जातात आणि पीएच ८.३च्या आसपास येतो. पुढे बायकार्बोनेट आणि कार्बोनिक आम्लाची जोडी जमते, म्हणजे बफरच, पीएच सहज हलू न देणारं मिश्रण. त्याचा पीकेए (दोघं निम्मेनिम्मे असतानाचा पीएच) ६.३५. निम्मं बायकार्बोनेट संपलं की पीएच बरोबर तिथे. एकूण ८५० ग्रॅमच्या आसपास. मामांच्या हाताला हे कधीच कळलंय.

आता वर सरकण्याचं. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हलत्या पाण्यातून उडून जातो. जोडीतलं आम्लच गेलं की पीएच चढणारच.

हौदभर_रंग:
सर, डोक्यात लख्ख उजेड पडला. पण सुतात सोडा किती उरलाय ते मला आधी ठाऊक नसतं. दर लॉटला वेगळा.

बाथ_सोडणारा (इचलकरंजी):
मग टायट्रेशन कर ना भावा, म्हणजे ठाऊक ताकदीचं ॲसिड थेंब थेंब घालून सोडा मोजायचा, दहा मिनिटांचं काम. बाथचं १०० मिली पाणी घे, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ब्युरेटमध्ये. पीएचप्रमाणे रंग बदलणारा इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलिन टाक, त्याचा गुलाबी गेला तो आकडा लिही. मग त्यातच मिथिल ऑरेंज टाकून पुढे चालू ठेव, पिवळ्याचा नारिंगी झाला की थांब. या मापाला ब्युरेटचे जितके मिली, तितकेच मोल १००० लिटरला. पहिला आकडा पूर्ण घे, पुढच्या टप्प्याचा निम्मा घे, बेरीज गुणिले ६०. फक्त पाण्याला गडद रंग असला तर इंडिकेटर दिसत नाही, तेव्हा पीएच मीटर बुडवून ८.३ आणि ४.५ हे टप्पे पकड.

आणि शेठ स्वस्त म्हणून हायड्रोक्लोरिक आणायला लागले तर अडव. सगळा सोडा संपल्यावर ५ मोल जास्त पडलं तर पीएच थेट २.३, सुती धाग्याची वाट. ॲसिटिकचे तेवढेच मोल जास्त पडले तरी बाथमध्ये ॲसिटेट तयार असतं, पीएच ५.३वर अडतो.

बारावीची_आई:
मध्येच विचारते, राग मानू नका. मुलीचं हेच आहे. आम्ल, बफर, क्षार, तिन्हींची सूत्रं पाठ आहेत, पण गणितात कुठलं लावायचं ते कळत नाही.

निवृत्त_मास्तर:
ताई, तिला सूत्रांची वही मिटायला सांगा. आधी मोल मोजायचे आणि मिसळल्यावर भांड्यात काय उरलं ते लिहायचं. १०० मिली ०.१ मोलर ॲसिटिकमध्ये तेवढ्याच ताकदीचा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ५० मिली घाला: निम्मं आम्ल, निम्मा क्षार, म्हणजे बफर, पीएच ४.७४. १०० मिली घाला: उरला नुसता ०.०५ मोलर सोडियम ॲसिटेट, क्षाराचं सूत्र, ८.७२. ११० मिली घाला: १ मिलिमोल कॉस्टिक शिल्लक, २१० मिलीत वाटा, ११.६८, इथे ॲसिटेटकडे बघायचंही नाही. बाटल्या त्याच, सूत्रं तीन.

हौदभर_रंग:
आजच्या लॉटला केलं. एमआयडीसीचं पाणी नव्हतं, बोअरचं घेतलं. मीटर १०.७. फिनॉल्फ्थॅलिनला ९ मिली, एकूण २१. म्हणजे ९ अधिक ६, १५ मोल, ९०० ग्रॅम. तीन हप्त्यांत घातलं, ६.४ आला, मशीन फिरल्यावर ६.७. पण पीएच कालच्यापेक्षा कमी असून ॲसिड जास्त कसं?

निवृत्त_मास्तर:
२१ मधून ९ ची दुप्पट वजा करा. उरलेले ३ मिली बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट. ते पीएच खाली ओढतं आणि ॲसिडही खातं. नुसत्या बोअरच्या पाण्याचं एकदा टायट्रेशन करून आकडा भिंतीवर लिहून ठेवा.