मोडलेली चष्म्याची फ्रेम घरी जोडणं: शहाणपण की चिकटपणा?

उद्यमनगरी
गेल्या रविवारी हेल्मेट काढताना चष्मा आत अडकला आणि नाकावरच्या पुलाशी कट्कन दोन तुकडे. दुकानदारानं तुकडे हातातसुद्धा घेतले नाहीत. "हे होत नाही, नवीनच घ्या." आता माझ्या प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेतनं दिसणाऱ्या) काचा फ्रेमच्या चौपट किमतीच्या, आणि कापलेल्या याच आकारात. फ्रेम गेली की काचाही गेल्या!

घरीच जोडली. फ्रेम ॲसिटेटची, म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळणाऱ्या प्लास्टिकची. खूण सांगतो: रंग वरनं मारलेला नसतो, मोडलेल्या तोंडातही तेच तपकिरी ठिपके आरपार दिसतात, आणि बहुतेक दांड्यांच्या पोटात धातूची तार असते. आधी दोन्ही काचा काढल्या. दांडीच्या टोकाला, कानामागं लपणाऱ्या जागी, ॲसिटोनचा एक थेंब लावला. जागा चिकट झाली, म्हणजे खात्री पटली. मग मोडलेल्या दोन्ही तोंडांवर बारीक ब्रशनं ॲसिटोन फिरवलं, वरचा थर पाकासारखा सुटेपर्यंत थांबलो आणि दाबून धरलं. यात गोंद नाहीच, प्लास्टिकच विरघळून एकमेकांत मुरतं. दोन दिवस हात लावला नाही. नंतर पाणी लावून पॉलिश पेपर, आधी ८००, मग २०००. सांधा आहे, पण शोधावा लागतो.

माझं मत: दुकानदार 'होत नाही' म्हणतात त्याचा अर्थ 'आम्हाला परवडत नाही' एवढाच.

तिकटीवरचा
लई विचार करताय भावा. पाच रुपयांची ट्यूब, वर चिमूटभर खायचा सोडा. विषय कट.

जुना फिटर
@तिकटीवरचा, असल्या ट्यूबवाल्यांमुळंच आमचं डोकं फिरतं. बावीस वर्षं काचा बसवतोय. तो गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, त्याची वाफ काचेवर बसली की पांढरा धुरकट थर येतो. सोडा टाकला की तो क्षणात कडक होतो, तापतोही, आणि सांधा होतो बत्ताशासारखा. लवचिकपणा नावाला नाही. घालताना-काढताना फ्रेम जरा फाकली की टक्. मग तोच चष्मा आमच्याकडं येतो आणि आधी तुमचं ढेकूळ खरवडत बसायचं.

@उद्यमनगरी, काचा काढल्यात म्हणून वाचलात. पॉलिकार्बोनेटच्या काचेला ॲसिटोन लागलं तर तिला बारीक तडे जातात, मग फ्रेम राहील आणि काच जाईल. आणि 'परवडत नाही' हे अर्धंच खरं. मी जोडून दिली आणि आठ दिवसांनी कावळा नाक्यावर गाडी चालवताना मोडली, तर शिव्या कुणाला घालणार? स्वतःला तर नाहीच.

उणे सहा
चिकटलं की झालं, असं सगळे धरून चालताय. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ६. ॲसिटोननं प्लास्टिक विरघळवून दाबलं की पूल आखूड होणारच. दोन्ही काचा मिळून २ मिलिमीटर जरी आत सरकल्या, तर ०.२ सेंटिमीटर गुणिले ६, म्हणजे १.२ प्रिझमचा फरक (काच नजर किती बाजूला वळवते, त्याचं हे माप). एक काच दुसरीपेक्षा खाली बसली तर आणखी वाईट, कारण उभा फरक डोळे फार कमी सोसतात. मी अशी एक 'घरगुती' फ्रेम तीन दिवस वापरली. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर कॉम्प्युटरसमोर बसवेना.

उद्यमनगरी
मुद्दा पटला म्हणून व्हर्नियर काढला. दांडीच्या आत ५२-१८-१४० छापलंय, त्यातला १८ म्हणजे पूल. आता भरतोय १७.६. माझा नंबर दीडच, त्यामुळं मला फरक कळत नाही. तुमच्या नंबराला मीही हे करा म्हणणार नाही.

हुपरीकर
नुसत्या ॲसिटोनवर पूल टिकेल यावर माझा विश्वास नाही. आमच्यात पैंजणांचं काम चालतं, त्यामुळं बारीक ड्रिल घरात. दोन्ही तोंडांत समोरासमोर ०.८ मिलिमीटरचं भोक, त्यात स्टीलच्या तारेचा तुकडा आणि एरल्डाइट. रात्रभर ठेवायचं. (चांदीची तार घालून बघितली होती. दिसायला झकास, पण मऊ.) भोकं एका रेषेत आली नाहीत तर मात्र नाकावर त्रिकोण तयार होतो. काचेभोवतीची कड बारीक असेल तर हा नाद सोडा.

दोन पोरांची आई
मी हे वाचून काल नेलपॉलिश रिमूव्हर आणलो आणि धाकट्याची फ्रेम घेऊन बसलो. दोनदा लावलो, काहीच होईना. आता दांडीवर बघितलो तर 'टीआर ९०' लिहिलंय. बाटलीवर 'ॲसिटोन नाही' असंपण लिहिलंय म्हणा.

जुना फिटर
ताई, टीआर ९० नायलॉनच्या जातीचं. खरं ॲसिटोन आणलं असतं तरी हेच झालं असतं, आणि त्याला गोंदही धड धरत नाही. नुसती दांडी मोडली असेल तर जोडीची दांडी मिळते का बघा. पुढचा भाग मोडला असेल तर टाकून द्या. पोराच्या चष्म्याला जोडकाम नकोच. खेळताना बॉल लागला आणि सांधा सुटला, तर ते टोक डोळ्यापासून बोटभर लांब असतं.

दोन पोरांची आई
पुढचाच भाग गेलाय. जातो मग संध्याकाळी लक्ष्मीपुरीत.

तिकटीवरचा
माझी ट्यूबवाली दीड वर्ष चाललीय, एवढंच सांगतो.

जुना फिटर
वाचायची का गाडीवर घालायची?

तिकटीवरचा
...वाचायची.

जुना फिटर
तेच म्हटलं. उद्यमनगरी, एकदा घेऊन या, सेटिंग करून देतो. पैसे नकोत. फक्त गरम हवेपुढं तुमचा सांधा मऊ पडून उघडला तर बोंबलायचं नाही.

उद्यमनगरी
येतो. वाकडी बसलीय हे खरंच, दोन दिवस डावा कान सांगतोय.