मदत हवी आहे : क्षमा मिळाली हे त्याच्या मनाला कसं पटवू?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्या तरुण संघातल्या एका मुलासाठी विचारतोय, त्याच्या परवानगीने. गायनमंडळातल्या एका मुलीत तो पार गुंतला होता. रात्र रात्र तिचे स्टेटस बघणं, ती नाही म्हणाल्यावरही लांबलचक मेसेज. शेवटी "पुन्हा संपर्क करू नकोस" असं तिने स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तो थांबलाय, पण शरमेने पोखरला गेलाय. प्रभुभोजनाची (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) थाळी आली की मान खाली घालून शेजाऱ्याकडे सरकवतो.

बायबलमधलं १ करिंथ ११:२८ मी दाखवलं. आत्मपरीक्षण करावं आणि मग भाकर खावी असं तिथे आहे, लांब बसा असं नाही. १ योहान १:९ (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) तर त्याला पाठच आहे. पण तो मत्तय ५:२३-२४ पुढे करतो: आधी समेट, मग अर्पण. म्हणजे तिला भेटून माफी मागितल्याशिवाय देव क्षमा करणार नाही! मला हे धोक्याचं वाटतं. माफीच्या निमित्ताने पुन्हा तिच्या दारात जाणं म्हणजे तेच जुनं वेड. तिचं 'नाही' पाळणं हाच इथे पश्चात्ताप, असं माझं मत. पण हे वचनातून कसं समजावू? येशूला भेटून बदललेल्या जकातदार जक्कयाचं उदाहरण दिलं तर उलटंच होतं, त्याने ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याचं म्हटलं होतं.

आमचे पाळकसाहेब मुलीच्या घरच्यांच्या ओळखीचे, म्हणून हा त्यांच्याकडे जात नाही. दुसऱ्या मंडळीच्या पाळकांकडे न्यावं का? की आधी समुपदेशक? "प्रार्थना कर, होईल ठीक" हे सांगून झालंय, कृपया तेवढंच नको.